मग ही एम्मा कोण?

"तुझ्या भाचीला बरं आहे ना गं?"

काकूंनी कुंपणापलीकडून आवाज दिला तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. काकूंची चौकशी प्रकृतीपासून सुरू झाली की समजायचं, मुद्दा पुढे आहे.

"बरी आहे की. का हो?"

"नाही, म्हटलं, काल रात्री बराच वेळ एकच ओळ चालली होती. आणि ओळ तरी कसली! नुसतं आऽ, ऊऽ, ओऽ. शब्दाचा पत्ता नाही. आमचे हे म्हणाले, दाढ दुखत असेल पोरीची."

दाढ ठीक आहे, मी म्हटलं. गाण्यांचा अल्बम करतेय ती. मागच्या खोलीत, एकटीच.

"एकटी म्हणजे? पेटीवाला, तबलजी?"

"कुणी नाही. गाणी तीच लिहिणार, चाली तीच लावणार, गिटार तीच वाजवणार, गाणार तीच आणि रेकॉर्डिंगही तीच करणार."

काकूंनी हातातली कढीपत्त्याची डहाळी कठड्यावर ठेवली. म्हणजे गप्पा लांबणार. काकू जन्मल्या मिरजेतच, माहेर सतारमेकरांच्या शेजारात. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जे गाणं होतं, ते त्या परकरात होत्या तेव्हापासून ऐकतायत. अशा ठिकाणी इतकी वर्षं बसलेल्या बाईला गाणं कळतंच, पण गाणाऱ्यांच्या घरची हालहवाल त्याहून जास्त कळते.

त्या कुंपणाला टेकल्या. आवाज खाली आला. "खरं सांग. काही मोडलं-बिडलं का तिचं? चांगली पुण्यातली नोकरी सोडून मावशीकडे येते काय, दार लावून बसते काय..."

भाचीचं काही मोडलंय की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी कुंपणावर सांगितलं नसतं. पण काकूंना तसंच परत पाठवणंही शेजारधर्मात बसत नाही. तेव्हा मी त्यांच्यापुढे दुसऱ्याच एकाचं मोडलेलं ठेवलं.

"काकू, अमेरिकेत विस्कॉन्सिन म्हणून एक राज्य आहे. दूधदुभतं आणि थंडी, दोन्ही भरपूर. तिथल्या ओ क्लेअर गावचा एक मुलगा, जस्टिन व्हर्नन. गावच्या मित्रांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनात रॅली शहरात गेला. बँड होता त्यांचा. तिथे बँड मोडला. प्रेम होतं, तेही मोडलं."

"दोन्ही एकदम?" काकूंचा चेहरा उजळला.

"वर आजारपण. ग्रंथींचा ताप, तो यकृतावर उतरलेला. अंथरुणात पडून अलास्कातल्या एका गावाची टीव्ही मालिका बघत बसायचा. पुढे 'बाँ इव्हेर' हे जे नाव घेतलं, तेही त्या मालिकेतूनच उचललं."

"आणि आईबाप?"

"गावाकडेच. 2006 च्या हिवाळ्याच्या तोंडावर हा सामान गाडीत टाकून परत आला. पण घरात नाही राहिला. वडिलांची रानात शिकारीला जायची एक झोपडी होती, लाकडी. तिथे जाऊन बसला. तीनेक महिने."

"बर्फात? खाल्लं काय मेल्यानं?"

"हरणं मारली."

"अगं बाई!"

"तिकडे चालतं ते, परवाना काढून. दिवसा वडिलांच्या रानातली लाकडं फोडायची, झुडपं साफ करायची. बाकी वेळ गाणं. त्याचा जो अल्बम झाला, त्याचं नाव 'फॉर एम्मा, फॉरएव्हर अगो'. एम्मासाठी, आणि कधीची जुनी गोष्ट."

"मग ही एम्मा कोण?"

बघा, हाच प्रश्न. पत्रकारांनीही त्याला हाच विचारला, पुन्हा पुन्हा. त्याचं म्हणणं असं, की एम्मा ही कुणी बाई नव्हेच, माणूस जिथे अडकून पडतो अशी ती एक जागा आहे.

"आमच्या ह्यांनी असलं उत्तर दिलं असतं ना," काकू म्हणाल्या, "तर त्याच जागेत ठेवला असता त्यांना."

माझं गाऱ्हाणं आहे ते इथंच. ह्या अल्बमबद्दल ज्याला त्याला एवढंच माहीत: बर्फ, झोपडी, तुटलेलं मन. जणू दुःख झालं, हिवाळा पडला आणि नऊ गाणी आपोआप छपरावरून गळाली. प्रेमभंग झालेली माणसं प्रत्येक गल्लीत आहेत हो, आणि विस्कॉन्सिनमध्ये बर्फ सगळ्यांच्याच दारात पडतो. त्या तीन महिन्यांत तो करत काय होता, ते कुणी विचारत नाही.

"काय करत होता?" काकूंनी विचारलं. मी बोलायला लागले की त्या मध्ये एखादा प्रश्न टाकतात, म्हणजे मी दम खाते.

"काल रात्री आमची भाची करत होती तेच. आऽ, ऊऽ, ओऽ."

कसं ते सांगते. त्याच्याकडे एक जुना मॅक संगणक, रेकॉर्डिंगचं प्रो टूल्स आणि शुअर कंपनीचा एसएम 57 हा माइक. अगदी साधा, दणकट माइक. अमेरिकेचे अध्यक्ष भाषणाला उभे राहतात तेव्हा पुढ्यात वर्षानुवर्षं हाच असतो. गाण्याचे शब्द आधी नव्हतेच. गिटारीवर सूर धरायचा आणि तोंडाला येतील ते उच्चार गात सुटायचं. अर्थ नाही, वाक्य नाही. मग तेच परत लावून ऐकायचं. पुन्हा ऐकायचं. कुठे 'ओ' लांबलाय, कुठे ओठ मिटलेत, कुठला उच्चार कशासारखा वाटतोय, ते कान देऊन ऐकायचं आणि त्या उच्चारांत मावतील असे शब्द कागदावर उतरवायचे. म्हणून त्या गाण्यांचे शब्द वाचले तर धड अर्थ लागत नाही आणि ऐकले तर घशाशी येतं काहीतरी.

काकूंना हे पटेना. "उलटंच आहे सगळं. आपल्याकडे शब्द आधी. माडगूळकरांनी गीत लिहून द्यायचं, फडक्यांनी चाल लावायची. गीतरामायण तसंच झालं की!"

खरं आहे. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, वर्षभर दर आठवड्याला नवं गीत, एकूण 56. पण त्यात दुसरी एक गोष्ट होती, ती काकूंना सांगितली. तिथे आठवडा संपला की गीत द्यावंच लागायचं. प्रक्षेपणाची वेळ कुणासाठी थांबत नाही. कवीनं उशीर केला की संगीतकार तगादा लावणार, संगीतकार अडला की निर्माता दारात उभा. एकमेकांचा धाक होता. एकट्यानं अल्बम करणाऱ्याला हा धाक नसतो. तगादा लावायचा तोही त्यानंच आणि टाळायचा तोही त्यानंच. म्हणून कितीतरी जणांचे अल्बम संगणकात अर्धवट पडून राहतात. गाणी वाईट असतात असं नाही. 'झालं आता' असं म्हणणारं दुसरं माणूस खोलीत नसतं, एवढंच.

"आणि चालीवर शब्द लिहिणं आपल्याकडेही नवं नाही," मी म्हटलं. "सिनेमावाले वर्षानुवर्षं तसंच करतात. संगीतकार काहीतरी बरळतो, त्याला डमी म्हणतात, आणि गीतकार त्या मापानं शब्द बसवतो. ह्याच्या झोपडीत बरळणारा तोच आणि मापं घेणाराही तोच, एवढाच फरक."

काकू जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "जवारी काढतात तसं म्हण की."

"कसं?"

"आमच्या माहेरच्या शेजारी बघायचे ना मी. तंबोरा बाकी सगळा तयार. पंढरपूरकडनं आणलेला भोपळा, दांडी, खुंट्या, सगळं. मग म्हातारा घोडी कानसायला बसायचा. इतकुसं घासायचं, तार छेडायची, मान वाकडी करून ऐकायचं. परत इतकुसं. आम्हा पोरांना एकच तार ऐकू यायची दिवसभर, टँव टँव. आई म्हणायची, तो वाजवत नाहीये गं, तो ऐकतोय."

मला हे सुचलं नसतं. भाचीला सांगितलं पाहिजे, असं मनात म्हटलं आणि काकूंना तसं म्हणून दाखवलं नाही, नाहीतर त्या तासभर तिच्या खोलीत जाऊन बसल्या असत्या.

मग पुढचं सांगितलं. एकट्याच्या गाण्यात दहाजण गातायत असं का वाटतं ते. व्हर्ननच्या त्या अल्बममध्ये चर्चमधल्या समूहगानासारखे आवाज येतात. माणसं कुठली आणणार रानात? सगळे त्याचेच. एक ओळ उंच, बारीक आवाजात गायची, तिच्यावर तीच ओळ पुन्हा, मग तिसरा सूर, चौथा. माणूस तीच ओळ दोनदा गातो तेव्हा दोन्ही वेळा ती तंतोतंत सारखी येत नाही. केसभर पुढंमागं होतं, सूर किंचित हलतो. त्या केसभर फरकामुळेच आवाज भरीव होतो. संगणकात एकाच्या दोन नकला एकावर एक ठेवल्या तर नुसता आवाज मोठा होतो, भरत नाही. म्हणून खरंखुरं पुन्हा गावं लागतं.

"म्हणून ती तेच तेच गाते होय! आणि आम्ही म्हणतोय, पाठ कसं होत नाही पोरीला."

"आणि गंमत म्हणजे, त्याला वाटत होतं हे सगळं कच्चं आहे. नमुना म्हणून कंपन्यांना दाखवायचं आणि मग स्टुडिओत नीट करायचं. मित्रांनी ऐकलं आणि सांगितलं, हात लावू नकोस. 2007 मध्ये त्यानं स्वतःच 500 सीडी काढल्या. पुढच्या वर्षी जॅगजॅगुवार नावाच्या छोट्या कंपनीनं तोच अल्बम जसाच्या तसा बाजारात आणला."

नमुना म्हणून केलेलं तेच खरं ठरलं, असं आणखी एकाच्या बाबतीतही झालं होतं. तो मात्र मोठा माणूस, ब्रूस स्प्रिंगस्टीन. काकूंना हे नाव सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, तिकडचा फार मोठा गायक, हजारोंच्या गर्दीत गाणारा, मागे दणदणीत वाद्यवृंद. 1982 च्या जानेवारीत न्यू जर्सीत कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरात, निजायच्या खोलीत खुर्ची टाकून बसला. पुढ्यात टीअ‍ॅक कंपनीचं पोर्टास्टुडिओ, म्हणजे साध्या कॅसेटवर चार पट्ट्या मुद्रित करणारं यंत्र, आणि माइक पुन्हा तोच, एसएम 57, दोन नग. एक आवाजाला, एक गिटारीला. चारातल्या दोन पट्ट्या तिथेच संपल्या. उरलेल्या दोनांत काय ते बसवा, माउथऑर्गन, खंजिरी, नाहीतर दुसरा आवाज. बस. आमच्या भाचीच्या संगणकात शंभर पट्ट्या टाकता येतात, आणि मला वाटतं तिची निम्मी झोप त्यातच जाते. चारच असल्या की माणूस निमूट ठरवून टाकतो.

"मग?"

"मग ती कॅसेट, कव्हरसुद्धा नाही, खिशात टाकून हिंडला. स्टुडिओत वाद्यवृंदाला घेऊन तीच गाणी नव्यानं बसवली. मोठी झाली, झळझळीत झाली, आणि त्यातलं भूत निघून गेलं. शेवटी खिशातलीच कॅसेट तबकडीवर उतरवायची ठरली. अभियंत्यांच्या नाकी नऊ आले, कारण कॅसेटचा आवाज मुळातच दबलेला. पण निघाली, त्याच वर्षी सप्टेंबरात. 'नेब्रास्का'."

"खिशात? तिच्यात वाळू-बिळू गेली असती म्हणजे?"

"तेच तर!"

काकूंच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. त्या हलल्या नाहीत. दुसरी झाली. मी म्हटलं, काकू, तुमचा हा कुकर आमच्या भाचीच्या तीन गाण्यांत आहे.

त्या दचकल्या. "म्हणजे मी बिघडवलं की काय?"

"बिघडवलं काय! मॅकार्टनीचं ऐका. बीटल्समधला पॉल मॅकार्टनी, हा तुमच्या ह्यांनाही ठाऊक असेल. बीटल्स फुटायच्या बेताला आलेले, तेव्हा ह्यानं लंडनमधल्या घरी एक ध्वनिमुद्रणयंत्र आणून ठेवलं आणि बहुतेक सगळी वाद्यं स्वतः वाजवून अल्बम केला. 1970 च्या एप्रिलमध्ये निघाला. त्यातलं पहिलंच गाणं बायकोवर, छोटंसं. गात असताना बायको खोलीत आली आणि दार करकरलं. ती करकर अजून आहे त्या गाण्यात. काढली नाही त्यानं."

"बायको आली म्हणून ठेवली," काकू म्हणाल्या. "शेजारणीचा कुकर कोण ठेवतंय!"

मुद्दा बरोबर होता. चूक कुठली ठेवायची आणि कुठली पुसायची, ह्याला नियम नाही. श्वास ऐकू आला तर बहुतेकजण ठेवतात. बोट तारेवरून घसरल्याचा आवाज आवडीनं ठेवतात. फ्रिजची घरघर मात्र कुणालाच नको असते. ती गाण्यात घुसली की प्रत्येक थरात घुसते, आणि दहा थर चढवले की दहा फ्रिज चालू असल्यासारखं होतं. म्हणून भाचीनं आल्या आल्या आमचा फ्रिज भिंतीपासून ओढला, कपाट उघडून त्यात गोधड्या टांगल्या आणि त्यात तोंड घालून गाते ती. गोधड्यांनी भिंतीवरून परतणारा आवाज मरतो. पंखा बंद. ह्या उकाड्यात. गाणं ऐकताना ह्यातलं काही दिसत नाही, दिसू नये म्हणूनच तर घाम गाळायचा.

"एवढं करून मिळणार काय तिला?" काकू व्यवहारावर आल्या. मिरजेच्या माणसाला कलेचं कौतुक असतं, पण वाद्याची किंमतही तोंडपाठ असते.

मी अ‍ॅनी डिफ्रँकोची गोष्ट काढली. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो गावची. विशीत पाय टाकत होती तेव्हा, 1990 मध्ये, तिनं स्वतःची कंपनी काढली, रायटियस बेब रेकॉर्ड्स. पुढे मोठमोठ्या कंपन्या मागे लागल्या, ती नाही म्हणाली. गिटार इतकी तोडून वाजवायची की नखं टिकायची नाहीत, मग खोटी नखं चिकटवून त्यांवर वायरमनची काळी टेप गुंडाळायची. गावोगाव गाडी चालवत जायचं, गायचं आणि कार्यक्रमानंतर कॅसेट विकायच्या. पैसे आले ते स्वतःचे. आणि खर्च केले कशावर? बफेलोमधलं पाडायला आलेलं एक जुनं चर्च वाचवलं, त्यात कंपनीचं कार्यालय आणि गाण्याचं सभागृह केलं.

"शहाणी आहे. टेपचं मात्र नवल वाटतंय."

आता कॅसेटी विकत घेतंय कोण? ऐकणारे फोनवर ऐकतात. स्पॉटिफायनं 2024 पासून नियम केलाय, वर्षभरात एखादं गाणं हजार वेळा तरी ऐकलं गेलं नाही तर त्या ध्वनिमुद्रणाचे पैसे शून्य. बँडकॅम्प म्हणून एक आहे, तिथे लोक अल्बम रीतसर विकत घेतात आणि कंपनी साधारण 15 टक्के कापून बाकीचे गाणाऱ्याला देते. भाचीचा भरवसा त्यावर आहे. शिवाय आपल्याकडे 2012 मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून गाणं वाजलं की गीतकार आणि संगीतकार दोघांचाही मानधनावर हक्क राहतो, तो लिहून घेऊन काढता येत नाही.

काकूंनी बोटांवर हिशेब केला. "गीतकार ती, संगीतकार ती, गाणारी ती, निर्माती ती. म्हणजे चौघांचे पैसे एकटीला?"

"कागदोपत्री, हो."

"आणि चौघांची उपासमारही एकटीलाच."

ह्यावर मला काही बोलता आलं नाही.

"त्या हरणवाल्याचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं. "लग्न-बिग्न?"

लग्नाचं राहू दे, म्हटलं, पण घराचं ऐका. पैसे येऊ लागल्यावर त्यानं गावाजवळ, फॉल क्रीकला, भावाबरोबर एक जागा घेतली. पूर्वी तिथे गुराढोरांच्या डॉक्टरचा दवाखाना होता, आतमध्ये पोहण्याचा तलाव. त्याचा केला स्टुडिओ. 'एप्रिल बेस' त्याचं नाव. तेव्हापासून तिथे माणसांची ये-जा. रॅपर कानये वेस्टनं बोलावलं म्हणून हा हवाईला जाऊनही गायला. 2012 मध्ये ग्रॅमीत सर्वोत्तम नवोदित ठरला, पहिला अल्बम काढून पाच वर्षं झाल्यावर नवोदित! पुढे ओ क्लेअरला मित्राबरोबर संगीत महोत्सवही भरवला. लोक अजून त्याला झोपडीतला एकटा मुलगाच समजतात. आणि त्या झोपडीतसुद्धा तो कितपत एकटा होता? झोपडी बापाची, रान बापाचं, अल्बमवर तुतारीसारखी वाद्यं वाजतात ती दुसऱ्यांनी वाजवलेली. एकट्यानं करायचं असतं ते ठरवणं. बाकीचं कुणाच्या ना कुणाच्या जिवावर चालतं, कुणाच्या रानावर, नाहीतर कुणाच्या मागच्या खोलीवर.

"आणि वीजबिलावर," काकू म्हणाल्या.

"वीजबिलावर."

तिसरी शिट्टी झाली तशा त्या हलल्या. डहाळी घेतली, दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या.

"हे बघ, तिला सांग. दुपारच्याला लाइट जाते ना आपल्याकडे, तेव्हा गाऊन घ्यायचं. फ्रिज बंद, बोअरची मोटर बंद, समोरच्यांचा टीव्ही बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालतो की. आणि तेवढ्या वेळात मी कुकर लावणार नाही. पण लाइट आली की मिक्सर फिरवणार बघ, डोशाचं वाटायचं असतं माझं."